घरची वही
(वर्षावासाच्या कार्यक्रमात विहारात केलेले भाषण, स्मरणिकेसाठी थोडे नीट करून)



समितीने आम्हाला विषय दिला आहे 'घरखर्च आणि काटकसर'. या ठिकाणी दरवर्षी विद्वान मंडळी येऊन धम्मावर बोलतात. आम्ही काही विद्वान नाही. तारापूर एमआयडीसीत कापडाच्या खात्यात काढलेली तीस वर्षे, युनियनची कचेरी आणि वाचनालयातून आणलेली पुस्तके, एवढीच आमची शाळा. पण दहा तारखेला झालेला पगार वीस तारखेला जातो कुठे, हे कोडे पदवीधरालाही सुटलेले आम्ही पाहिले नाही. म्हणून धाडस करतो.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. गरिबाला काटकसर शिकवायला निघालेल्या माणसाचा आम्हाला राग येतो. स्वतः गाडीतून उतरायचे आणि आमच्या बायाबापड्यांना सांगायचे, चहात साखर कमी घाला! आपला पगारच कमी आहे, ही पहिली गोष्ट आहे आणि ती कोणी विसरू नये. १९५७ साली दिल्लीला पंधरावी भारतीय श्रम परिषद भरली होती. सरकार, मालक आणि कामगार तिघेही तिथे होते. किमान वेतन कशावरून काढायचे ते तिथे ठरले. कमावणाऱ्या एका माणसामागे तीन माणसांचे पोट धरायचे, प्रौढ माणसाला रोजचे २७०० कॅलरी अन्न, चौघांच्या कुटुंबाला वर्षाला ७२ वार कापड, घरभाडे, आणि जळण, दिवाबत्ती, किरकोळ यासाठी २० टक्के. पुढे १९९१ साली सुप्रीम कोर्टाने रेप्टाकॉस ब्रेट कंपनीच्या खटल्यात सांगितले की, मुलांचे शिक्षण, औषधपाणी, सणसमारंभ, म्हातारपण आणि लग्न यांसाठी आणखी २५ टक्के धरले पाहिजेत. म्हणजे बघा, लग्न आणि सण हा गरिबाचा उधळेपणा आहे असे कोर्टसुद्धा म्हणत नाही. तो जगण्याचा खर्च आहे आणि तो पगारातून निघाला पाहिजे. तो निघत नाही म्हणून तर भांडण आहे.

मग हिशेब कशाला ठेवायचा? यासाठी आपल्याच भागातली गोष्ट सांगतो.

आज आपला पालघर जिल्हा आहे, तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला. त्याआधी हा सगळा ठाणे जिल्हा. इथून उत्तरेला डहाणू, तलासरी, उंबरगाव या पट्ट्यात वारली बांधवांमध्ये 'लग्नगडी' नावाची प्रथा होती. नव्या पोरांना कदाचित हा शब्दही ठाऊक नसेल. लग्नाला पैसे नाहीत म्हणून वारली जमीनदाराकडून थोडे रुपये घ्यायचा. त्या बदल्यात लग्न झाल्या दिवसापासून नवरा-बायको दोघांनीही जमीनदाराच्या घरी आणि शेतावर राबायचे. कर्ज फिटेपर्यंत. आणि कर्ज काही फिटायचे नाही, कारण वही जमीनदाराची, लिहिणारा जमीनदाराचा, आणि वारल्याकडे वहीच नव्हती. एका दिवसाच्या मांडवापायी जन्माची गुलामी. १९४५ साली गोदावरी परुळेकर आणि शामराव परुळेकर किसान सभेच्या वतीने या भागात आले, मे महिन्यात झरी गावाला परिषद झाली, आणि वारल्यांनी संघटित होऊन वेठ आणि लग्नगडी दोन्ही मोडून काढले. गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

आता आम्ही विचारतो, लग्नगडी संपला का? एमआयडीसीच्या गेटवर सकाळी सात वाजता उभे राहा. ठेकेदाराकडून वीस हजाराची उचल घेतलेला माणूस कोणता, ते चेहऱ्यावरून ओळखता येते. सुपरवायझर म्हणतो, डबल ड्युटी कर. तो करतो. म्हणतो, टँकमध्ये उतर. मास्क नाही, पट्टा नाही, बाहेर दोरी धरायला माणूस नाही, तरी तो उतरतो. आपल्या तारापूरला स्फोट होतात, वायू सुटतो, माणसे जळतात, हे आपण दर एक-दोन वर्षांनी पाहतो. त्या वेळी मालकाच्या नावाने ओरडलेच पाहिजे. पण ज्याच्या डोक्यावर उचल नाही तो निदान "मी उतरत नाही" एवढे शब्द तोंडातून काढू शकतो. घरात दोन महिन्यांचे धान्य आणि एका महिन्याचा पगार बाजूला असला की माणसाचा आवाज बदलतो. १९८२ च्या गिरणी संपात आमचे वडील होते. आम्ही तेव्हा शाळेत जात होतो. संप १८ जानेवारीला सुरू झाला आणि पहिल्या दोन-तीन महिन्यांतच चाळीत कळून आले की कोणाच्या घरी डब्यात काय आहे. ज्यांची भांडी आधीच सोनाराकडे नि वाण्याकडे होती ती माणसे सगळ्यात आधी मोडली. ती भित्री नव्हती. त्यांच्याकडे थांबायला जागा नव्हती, एवढेच.

हे काही आजचे नाही. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने १९२१-२२ मध्ये मुंबईच्या कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली, १९२३ ला तिचा अहवाल निघाला. जवळजवळ निम्मी कुटुंबे कर्जात होती. व्याज काय? तर रुपयाला महिना एक आणा. ऐकायला किती गोड वाटते, एक आणा! वर्षाचे काढा, १२ आणे होतात. म्हणजे शेकडा ७५. आज आणे गेले, पण भाषा तीच आहे. "दहा टक्क्याने देतो" म्हणतो, पण ते दहा टक्के महिन्याचे असतात. दहा हजार घेतले की महिन्याला हजार रुपये व्याज. दहा महिन्यांत तुम्ही दहा हजार भरता आणि मुद्दल जागेवरच उभे असते.

कंपनीवाले कर्ज घेताना दुसरा घोळ आहे. "फक्त १२ टक्के फ्लॅट" असे सांगतात. १२ हजार घेतले, वर्षाचे व्याज १४४०, बारा हप्ते ११२० रुपयांचे. पण तुम्ही मुद्दल दर महिन्याला परत करत चाललात, तरी व्याज शेवटपर्यंत पूर्ण १२ हजारांवरच. खरा दर काढला तर तो २१-२२ टक्क्यांच्या घरात जातो. फोनवरच्या ॲपचे तर विचारूच नका. ज्या पोरांना तो नाद आहे त्यांनी कार्यक्रमानंतर आमच्याकडे येऊन बसावे, चारचौघांत नको.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. आमचे निरीक्षण असे आहे की आपले घर रोजच्या भाजीने बुडत नाही. ते बुडते वर्षातल्या पाच-सहा वेळांना. जून महिना आला, शाळा सुरू झाली, की धावाधाव. पाऊस आला, छप्पर गळले, की धावाधाव. गावाला कोणाचे लग्न निघाले, आहेर न्यायचा आहे, धावाधाव. आता आम्हाला सांगा, जून महिना अचानक येतो का? दरवर्षी मे संपल्यावर जूनच येतो!

आपल्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना हे कळत होते. सातपाटी, मुरबे, नवापूरकडे अजूनही 'आगोट' भरतात. पावसाच्या आधी तांदूळ, मसाला, सुकट, सुके बोंबील, लाकूडफाटा घरात आणून ठेवायचा. कारण जून-जुलैत होड्या बंद असतात, कमाई नाही, हे कोळी बांधवांना पक्के माहीत असते. त्यांचे उत्पन्न आपल्यापेक्षा बेभरवशाचे, पण हिशेब वर्षाचा. आपला पगार महिन्याचा झाला आणि आपली नजरही महिन्याचीच झाली. आम्ही म्हणतो, पगारदाराने पैशाची आगोट भरावी.

ती कशी भरायची? एक उदाहरण घेऊ. आकडे आम्ही समजुतीसाठी घातले आहेत, ज्याने त्याने आपले घालावेत. चौघांचे घर, हातात पगार १८ हजार. वर्षाचे मोठे खर्च मांडले: जूनमधली शाळा, म्हणजे फी, वह्या-पुस्तके, गणवेश, रेनकोट, चपला मिळून ९ हजार. पावसाळ्याची भरती ६ हजार. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, ६ डिसेंबरला चैत्यभूमी, कपडेलत्ते मिळून ६ हजार. गावी जाणे आणि आहेर ६ हजार. आजारपण ६ हजार. छपराचा ताडपत्री-पत्रा, किरकोळ दुरुस्ती ३ हजार. बेरीज ३६ हजार. भागिले बारा, महिना ३ हजार.

म्हणजे तुमचा पगार १८ हजार नाही. १५ हजार आहे. उरलेले ३ हजार तुमचे नाहीतच, ते जून महिन्याचे आहेत, आजारपणाचे आहेत. पगार झाल्या दिवशी ते आधी बाजूला काढायचे आणि मग घर चालवायचे. आपण करतो उलटे. आधी घर चालवतो आणि उरले तर टाकू म्हणतो. उरत नाही. उरेल कुठून?

पंधरा हजारांत भागेल का, असे पुढे बसलेल्या ताईंच्या चेहऱ्यावर दिसते आहे. मांडून बघू. खोलीभाडे आणि लाईट ४ हजार, किराणा आणि गॅस ६ हजार, दूध-भाजी-मासळी २ हजार, पास, रिक्षा आणि फोन १२००, गावी आईवडिलांना १ हजार. झाले १४ हजार २००. शिल्लक ८०० रुपये. ओढाताण आहे, आम्ही नाही म्हणत नाही. ज्याचा पगार १३ हजार आहे त्याला ही आगोट पूर्ण भरताच येणार नाही, आणि त्याला आम्ही बजेटचे धडे देणार नाही. त्याने निदान जून महिन्याची भरावी आणि बाकीच्यासाठी आमच्याबरोबर युनियनच्या कचेरीत यावे. आणि ओव्हरटाइम पगारात धरू नये. ओव्हरटाइम आज आहे, ऑर्डर संपली की उद्या नाही. घरभाडे ओव्हरटाइमवर बेतलेला माणूस पहिल्या मंदीला खोली सोडतो. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली तेव्हा हे आपण डोळ्यांनी पाहिले.

बाजूला काढलेला पैसा ठेवायचा कुठे? आमच्या आईच्या वेळी डबे होते. एका डब्यात शाळा, एकात वाणी, एकात दवाखाना, आणि दवाखान्याच्या डब्याला कोणी हात लावत नसे. आता पैसा फोनमध्ये आला. फोनवरून पैसे देणे सोपे झाले हे खरे, पण नोट हातातून जाताना जी कळ यायची ती गेली. यावर साधा उपाय असा की दुसरे बचत खाते काढायचे, ते फोनला जोडायचेच नाही, त्याचे एटीएम कार्डही घ्यायचे नाही. पगाराच्या दिवशी त्यात टाकायचे. नाहीतर बँकेत १२ महिन्यांची आवर्ती ठेव लावायची, ती मे महिन्यात सुटेल अशी. पोस्टातही आवर्ती ठेव आहे, पण ती पाच वर्षांची असते. ती शाळेच्या जूनसाठी नाही, मुलीच्या कॉलेजसाठी चांगली. बचत गट असेल तर उत्तमच. मात्र लिलावाच्या भिशीपासून चार हात लांब राहावे. तिथे ज्याची गरज मोठी तोच तोटा घेऊन आधी उचलतो.

आणि वही. शंभर पानी साधी वही पुरते. तारीख, कशाला, किती, एवढ्या तीन रेघा. रोज रात्री जेवणानंतर लिहायची. दुसऱ्या दिवशी आठवत नाही. लिहायला घरातल्या शाळकरी मुलीला किंवा मुलाला बसवावे. त्यांचे गणित सुधारते आणि घरात कष्टाने काय येते हे त्यांना कळते. तीन महिने लिहिले की वही स्वतःच बोलू लागते.

इथे बांधवांना एक सांगणे आहे. रागावू नका. बहुतेक घरांत वहीत बायकोचा खर्च येतो, नवऱ्याचा येतच नाही. मीठ, तेल, साबण सगळे लिहिलेले. आणि टपरीवरचा चहा, तंबाखूची पुडी, गुटखा? गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण कुठे मिळतो ते आम्ही सांगायला नको. दिवसाला ४० रुपये धरले तर २६ हजेरीचे १०४० रुपये, वर्षाचे १२ हजार ४८०. शाळेचा अख्खा जून निघून वर साडेतीन हजार उरतात. बारचा हिशेब आम्ही मांडत नाही, तो ज्याचा त्याने घरी मांडावा, पण बायकोसमोर मांडावा. ज्या घरात पगाराची चिठ्ठी बायकोला दाखवत नाहीत त्या घरात बजेट होऊच शकत नाही. ती काय हवेतून घर चालवणार?

आता लग्न. हा विषय निघाला की मंडळी अस्वस्थ होतात. आमच्या ओळखीच्या एका घरात थोरल्याचे लग्न झाले. विधी विहारात पंधरा-वीस मिनिटांत उरकला, त्याचा खर्च मेणबत्त्या, फुले आणि दान. पण आदल्या रात्री हळदीला डीजे, मंडप, बॅनर, दोन गावांना मटण. एक लाख वीस हजार रुपये महिना शेकडा तीनने काढले. महिन्याला ३६०० फक्त व्याज. मुद्दलाएवढे व्याज भरायला तेहतीस-चौतीस महिने पुरतात. दरम्यान धाकट्या मुलीने बारावीनंतर कॉलेज सोडले आणि ती आता पॅकिंग खात्यात उभी असते. डीजे एका रात्रीत वाजून गेला, त्याचे भाडे ती मुलगी भरते आहे. सांगा, लग्नगडी कोण झाले?

महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात साध्या, कमी खर्चाच्या लग्नाचा पायंडा पाडला. आपण त्यांच्या तसबिरीला हार घालतो आणि त्याच हॉलमध्ये डीजे लावतो. आम्ही आनंदाच्या विरोधात नाही. लेकीबाळींनी नाचावे, गोडधोड व्हावे. पण उसन्या पैशाने नको. लग्नाचा डबा मूल दहावीत गेल्यावर सुरू करावा आणि डब्यात जेवढे असेल तेवढेच लग्न करावे.

भगवान बुद्ध गृहस्थाला हिशेब सांगायला लाजले नाहीत. सिगाल नावाच्या तरुणाला त्यांनी मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगायला, दोन कामधंद्यात घालायला, चौथा संकटासाठी राखायला. आपल्याला दुकान नाही, शेत नाही. मग आपला कामधंदा कोणता? आमच्या समजुतीप्रमाणे मुलांचे शिक्षण हाच आपला धंदा. दीघजाणू नावाच्या कोलियालाही त्यांनी तराजूचे उदाहरण दिले, मिळकत आणि खर्च दोन्ही पारड्यांकडे डोळा हवा. उंबराची चार फळे खाण्यासाठी झाड हलवून ढीगभर पाडणारा जसा चुकतो, तसाच भरपूर असून उपाशीपोटी मरणाराही चुकतो, असे ते म्हणाले. म्हणजे कंजूषपणाही त्यांना पसंत नव्हता. पोराला केळे न देता पासबुक भरवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आणि परमपूज्य बाबासाहेब. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले, पगार ४५० रुपये. त्या काळात हा मोठा पगार. पण राहणे परळच्या बीआयटी चाळीतल्या दोन खोल्यांत. का? तर लंडनचे अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करायचे होते. १९२० मध्ये ते निघाले ते या शिलकीवर. शाहू महाराजांनी दीड हजाराची मदत केली आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून पाच हजार उसने घेतले. पुढे १९२३ मध्ये लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. त्यांनी रुपयाच्याच प्रश्नावर मिळवली. कर्ज बाबासाहेबांनीही घेतले, हे मुद्दाम सांगतो. पण कशासाठी घेतले? त्या मागे माता रमाईने चाळीत काय काय सोसले, ते आपण सारे जाणतो. त्या दोन खोल्यांतला हिशेब त्या माउलीनेच चालवला.

थोडे हक्काचेही बोलतो, कारण हक्क सोडणे म्हणजेही पैसा सांडणे. ईएसआयसाठी पगारातून पाऊण टक्का कापतात आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. मग कार्ड काढून घ्या, खासगी दवाखान्यात कर्ज काढून कशाला जाता? ठेकेदार बदलला की पीएफ आणि पेन्शनची रक्कम काढून टाकू नका. पेन्शनला दहा वर्षे सेवा लागते, दर वेळी काढली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बँक खात्यावर वर्षाला २० रुपयांचा सुरक्षा विमा आहे, अपघाती मृत्यूला दोन लाख. आपल्या कामाच्या जागा पाहता तो प्रत्येकाने घ्यावा. मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत भरा. अर्ज कळत नसतील तर विहारात रविवारी संध्याकाळी आमची पोरे बसतात.

जाता जाता समितीलाही एक विनंती. जयंतीची वर्गणी किती जमली, मंडपाला किती गेली, शिल्लक किती, हे विहाराच्या फळ्यावर खडूने लिहावे आणि महिनाभर पुसू नये. लोकांना घरची वही लिहायला सांगणाऱ्यांनी आपली वही आधी उघडी ठेवलेली बरी. तसेच लग्नासाठी भांडी आणि सतरंज्या विहारात घ्याव्यात, म्हणजे मंडपवाल्याचे निम्मे बिल वाचेल.

शंभर पानी चाळीस वह्या आम्ही आणल्या आहेत. बाहेर चपलांच्या मांडणीजवळ टेबलावर ठेवल्या आहेत. पहिल्या पानावर वर्षाच्या खर्चाचा तक्ता आमच्या मुलीने आखून दिला आहे, आकडे तुम्ही भरायचे आहेत. वही नेताना नाव लिहून जा. माघ पौर्णिमेला त्याच वह्या घेऊन या, आपण बसून बघू. कोणाची वही दुसऱ्याला दाखवणार नाही.

जयभीम!